दसऱ्याच्या उन्हात खोबरेल गोठत नाही

माझ्या थोरल्या भावाने, विलासदादाने, मला फसवलं. दोन दसरे फसवलं, आणि आमच्या वडिलांनी, अण्णांनी, त्याला साथ दिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा आठवणी लिहिणारे लोक आधी गावचा वास, आईच्या हातची चव वगैरे उरकून घेतात आणि खरं दुखणं शेवटी कुठेतरी दडवून लिहितात. मला तेवढा धीर नाही. मी धंद्यातला माणूस आहे. ठरलेलं मोडलं, तर मोडलं असं पहिल्या ओळीत म्हणतो.

कॅनडाला निघालो तो पौषातला दिवस होता. वहिनी म्हणाली, "भावोजी, पौषात कोणी घर सोडतं का?" मी म्हणालो, व्हिसाला पौष कळत नाही. कात्रपच्या आमच्या बिल्डिंगखाली गाडी येऊन उभी होती. विलासदादा बॅगा उतरवत होता आणि प्रत्येक पायरीवर त्यांच्या वजनावरून मला ऐकवत होता. अण्णा मात्र जागचे हलले नव्हते. ते गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. बदलापूरला थंडी पडते असं सांगितलं तर मुंबईचा माणूस हसतो. पण पौषात बारवी धरणाच्या बाजूने पहाटे जो गारठा उतरतो, त्याने खोबरेलाची बाटली दगड होते. त्या दिवसांत सगळ्या बिल्डिंगभर गॅलऱ्यांच्या कठड्यांवर बाटल्या उन्हाला ठेवलेल्या दिसतात. आमचीही होती. अण्णा ती वितळायची वाट बघत होते, आणि त्यांच्या मांडीवर त्यांची कळांची सनई होती.

त्या वाद्याचं खरं नाव ओबो. ते नाव आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. अण्णा मूळचे चामटोलीचे, सनई घरातली. पोटासाठी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर आणि लग्नसराईत सनईवाले. उल्हासनगरला कॅम्पात लछूसेठ नावाचा एक सिंधी बँडवाला होता. त्याच्या बँडची क्लॅरिनेटं बिघडली की ती अण्णांकडे यायची, कारण फिटरचा हात आणि वाजवणाऱ्याचा कान एकाच माणसात सापडणं कठीण. एकदा लछूसेठने कुठल्या तरी मिलिटरी बँडचा मोडीत निघालेला माल पेट्यांसकट उचलला. त्यात हे निघालं. काळं लाकूड, सनईसारखं बारीक तोंड आणि अंगभर चांदीच्या रंगाच्या कळा. लछूसेठच्या एकाही माणसाला त्यातून आवाज काढता येईना. शेवटी तो अण्णांना म्हणाला, "साईं, ये ना क्लॅरिनेट में, ना शहनाई में. तू ले जा, मेरा दिमाग खाली कर."

अण्णांनी त्याला सनईची, तोंडात धरून फुंकायची पत्ती बसवली. जिथे बूच लागतं तिथे सूत गुंडाळलं. आवाज निघाला तो सनईचा नव्हता आणि ओबोचाही नव्हता, पण बँडच्या सुरात बरोबर बसत होता. मग उल्हासनगरच्या सिंधी लग्नांत मुलगी सासरी निघाली की लछूसेठ बाकी सगळ्यांना गप्प करायचा आणि अण्णांना पुढे काढायचा. ओबोच्या कळा कशा सोडवायच्या हे मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. त्याच वाद्यावर, अण्णांच्या समोर बसून, त्यांची बोलणी खात शिकलो.

त्या कळांच्या सनईची डाव्या करंगळीची कळ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. दसऱ्याला वाद्याची पूजा. इतर लोक वाद्याला हळद-कुंकवाचं बोट टेकवतात आणि झेंडूचं फूल ठेवतात. अण्णांचं तसं नाही. ते एकेका कळेला ओली हळद लावायचे. पूजा झाली की लगेच देवासमोर वाजवायचं, ही त्यांची पद्धत. तोवर हळद कळेखालच्या, भोक झाकणाऱ्या गादीत उतरलेली असायची. करंगळी दाबली तरी गादी भोकावरून उठायची नाही, आणि मग एकदम "चट्" करून उठायची. दर दसऱ्याला पहिला सूर त्या "चट्"ने सुरू व्हायचा. मी दर वर्षी ओरडायचो, "अण्णा, हळद पेटीला लावा, कळांना नको." अण्णा म्हणायचे, "देव काय पेटीत हाय?"

थंडीत तीच कळ बरोबर उलटं वागायची. कळा ज्यांवर फिरतात त्या सगळ्या दांड्यांना अण्णा खोबरेल घालायचे. कारखान्यातून मशीनचं तेल आणता आलं असतं, पण ज्याला तोंड लावायचं त्याला असलं तेल नको, असं त्यांचं म्हणणं. गारठ्यात ते खोबरेल दांडीत गोठायचं. मग कळ उघडायची, पण लवकर मिटायची नाही. सूर चढलेला राहायचा आणि घसरत घसरत जागेवर यायचा. ऐकणारे माना डोलवायचे, काय मींड घेतली म्हणायचे. मला ठाऊक होतं की ती मींड नव्हे, खोबरेल आहे.

एवढं लक्षात ठेवा. दसऱ्याला ती कळ उशिरा उघडते आणि थंडीत उशिरा मिटते. माझी सगळी तक्रार याच्यावर उभी आहे.

त्या सकाळी गॅलरीत मी अण्णांना म्हणालो, "ही सनई मला द्या. तिकडे माझं कामच असली वाद्यं दुरुस्त करायचं आहे. नीट ठेवीन."

"आन मी काय वाजवू? तुझी बॅग?"

मग आमचं ठरवाठरवीचं बोलणं झालं. मी ऐकणारा नव्हतो आणि अण्णाही माझेच वडील. खालून गाडीवाला हॉर्न मारत होता. शेवटी ठरलं ते असं. जोवर अण्णांची फुंक आहे तोवर वाद्य अण्णांचं. दर दसऱ्याला ते वाजवणार आणि विलासदादा फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवणार. ज्या दिवशी फुंक थांबेल त्या दिवशी मला बोलवायचं. मी असेन तिथून यायचं आणि अण्णांनी ते माझ्या हातात द्यायचं. पार्सलने नाही, कोणाच्या ओळखीने नाही. हातात. अण्णांनी माझ्या पंजावर पंजा मारला. खोबरेल वितळलं होतं, त्यांचा हात तेलकट होता. विमानतळापर्यंत माझ्या तळहाताला तो वास येत होता. विलासदादा दारात उभा होता. म्हणाला, "मी साक्षीला आहे. आता निघ दिन्या, काटईला ट्रॅफिक लागेल."

विनिपेग हे शहर कॅनडाच्या मधोमध आहे आणि तिथे हिवाळा असा असतो की त्याच्याबद्दल बोलून उपयोग नाही. इथल्या शाळांमध्ये बँड हा विषय असतो. गणित, विज्ञान, तसा बँड. पोरं क्लॅरिनेटं, सॅक्सोफोन, ओबो घेऊन शाळेत जातात आणि ती वाद्यं बिघडतात. मुंबईतल्या एका दुकानात या शहरातल्या एका बँडमास्तरांचं क्लॅरिनेट मी उभ्या उभ्या नीट करून दिलं होतं. त्यांच्या शब्दावर इथल्या एका वर्कशॉपमध्ये मला काम मिळालं.

पहिल्याच हिवाळ्यात मी घोळ घातला, आणि तो बदलापूरच्या माणसालाच घालता आला असता. एका मुलीचा ओबो आला होता. मी तो साफ केला, गाद्या तपासल्या, आणि इथलं तेल मला फारच पातळ वाटलं म्हणून डोक्याला लावायच्या बाटलीतलं खोबरेल हीटरवर वितळवून दांड्यांना घातलं. दुकानात कळा लोण्यासारख्या चालत होत्या. ती मुलगी वाद्य घेऊन पार्किंगमधून गाडीपर्यंत गेली तेवढ्यात सगळ्या कळा जिथल्या तिथे थिजल्या. तिची आई ओबो घेऊन परत आली. मालकाने तो नाकाशी धरला आणि विचारलं, "इथे केक कोणी आणला होता?"

त्या दिवसापासून खोबरेल फक्त डोक्याला. पुढे त्या मालकाला कंटाळा आला आणि मला त्याच्या जागेत उभं राहायचं होतं. दुकान माझं झालं. कसं झालं ते सांगत बसत नाही. खूप भांडलो, एवढंच.

आता माझ्याकडे रोज कुठल्या ना कुठल्या ओबोची चिकटलेली कळ येते. उल्हासनगरला क्लॅरिनेटवाला वाद्य काखेत मारून पळत यायचा, बाहेर नवरदेव घोड्यावर बसलेला असायचा, आणि मागून लछूसेठचा आवाज यायचा, "जल्दी कर, घोडा मूत रहा है." इथे मखमलीची पेटी येते, सोबत चिठ्ठी येते, चिठ्ठीत नम्रपणे लिहिलेलं असतं की कळ थोडी मंद आहे. रोग मात्र तेच. पोरं चॉकलेट खाऊन वाजवतात, थुंकीतली साखर गादीला लागते. पातळ कागद गादीखाली सरकवायचा, कळ हलकी मिटायची, कागद ओढून घ्यायचा. अण्णा पतंगाचा कागद वापरायचे, इथे सिगारेटचा मिळतो. त्याने भागलं नाही तर स्प्रिंग बघायची. तरी नाही तर दांडी सोडायची, जुनं तेल पुसायचं, वाकलेली असेल तर सरळ करायची. घाई केली की कळ मोडते. रोज तेच. खांदे भरून येतात. संध्याकाळी शटर पाडताना कधी कधी मला आठवत नाही की दिवसभरात मी कोणाशी मराठीत एक शब्द तरी बोललो का.

पहिल्या दसऱ्याला दादाचा व्हिडिओ आला. देव्हारा, झेंडू, घामाने चिंब झालेले अण्णा, आणि पहिल्याच सुराला "चट्". मी दुकानात मोठ्याने हसलो. समोर बसलेल्या बाईंना वाटलं मी त्यांच्या ओबोला हसतोय.

पुढच्या दसऱ्याला व्हिडिओ नाही, नुसता आवाज आला. दादा म्हणाला, "व्हिडिओने फोन भरून जातो रे." वाजवणं अण्णांचंच होतं, त्यात खोट नव्हती. "चट्" मात्र आलं नाही. मला वाटलं अण्णांनी अखेर माझं ऐकलं, हळद पेटीला लावली. बरं वाटायला हवं होतं. का कोण जाणे, तेवढं वाटलं नाही.

त्यानंतरच्या दसऱ्यालाही नुसता आवाज. त्या सकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी कानाला हेडफोन लावून ऐकत होतो. मधेच सूर चढला, चढलेला राहिला आणि घसरत घसरत जागेवर आला. मी पुन्हा ऐकलं. करंगळीची कळ उशिरा मिटत होती. मागच्या वर्षीचं काढून ऐकलं. त्यातही तेच.

दसऱ्याला बदलापूरला ऊन म्हणजे डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. मी दादाला फोन लावला.

"दादा, आज सकाळीच वाजवलं ना हे?"

"अरे मग काय! पूजा झाली आणि लगेच."

"थंडी आहे का तिकडे?"

"थंडी? ऑक्टोबर हीट विसरलास काय कॅनडावाले? घामाने बनियन पिळून काढतोय इथे."

"मग खोबरेल गोठलं कसं?"

मग दादा म्हणाला, "कसलं खोबरेल? दिन्या, तू पण ना यार. झोप झाली नाही का तुझी?"

"अण्णांना दे."

"अण्णांच्या तोंडात बार भरलाय. थांब, थुंकून येतील."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन उन्हाळ्यांपासून मी केव्हाही फोन केला तरी अण्णांच्या तोंडात तंबाखूच असायची. दोन शब्द बोलायचे, तेही जड. व्हिडिओवर असले की नेहमी खिडकीकडे तोंड करून बसलेले, मला कायम त्यांचा डावा गालच दिसायचा. वाद्य दुरुस्त करताना जे मी पहिल्या मिनिटाला पकडतो, ते वडिलांच्या बाबतीत माझ्याकडून एवढे महिने सुटलं. कारण गिऱ्हाईक खोटं बोलतं हे मी धरूनच चालतो. घरच्यांबद्दल तसं धरून चाललो नव्हतो.

मी कोणाला न सांगता तिकीट काढलं. दार वहिनीने उघडलं. "अगं बाई, भावोजी!" म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्याकडे न बघता आत बघितलं. अण्णा कॉटवर बसले होते. उजव्या बाजूने तोंड खाली ओघळलेलं, खांद्यावर लाळ पुसायला पंचा. मला बघून डाव्या बाजूने हसले. "आला?" म्हणाले, आणि तो एक शब्दही तोंडातून निसटल्यासारखा आला.

उन्हाळ्यात एका सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने आपोआप गळायला लागलं, तेव्हा लकवा आल्याचं कळलं होतं. हातपाय वाचले. तोंड गेलं. तंबाखू तर डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली होती. दोन्ही दसऱ्यांना मला पाठवलेला आवाज त्याआधीच्या माघातला होता. चामटोलीच्या देवळात माघी गणपतीला अण्णा पहाटेच्या गारठ्यात बराच वेळ वाजवत बसले होते आणि दादाने ते सगळं फोनमध्ये घेतलं होतं. त्याचेच तुकडे करून तो मला दसरा म्हणून पाठवत होता. अजून किती तुकडे शिल्लक होते ते मी विचारलं. दादाने फोन खिशात घातला.

वाद्य कपाटाच्या वर होतं. पेटी बिघडली होती, धड मिटत नव्हती. आतल्या कळांवर हिरवट थर चढलेला, एकही कळ हलेना. खालच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं आणि ते सोडूनही गेली होती. ज्या वाद्यातून रोज हवा जाते तिथे माशी घर बांधत नाही.

मग मी तोंड सोडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन दारातून बघून गेल्या, इतका आवाज चढला होता. मला एकच विचारायचं होतं. मला बोलवायचं ठरलं होतं. मग बोलवायचं नाही हे कोणी ठरवलं?

दादा म्हणाला, "अण्णा म्हणाले, नको बोलवू."

अण्णांनी पंचाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "इलास बोल्ला. मी नाय."

"अण्णा! मी कधी बोललो?"

"तूच बोल्लास."

मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका, भावोजी. दवाखान्यातून आणलं तेव्हा हे दोघं इथेच बसले होते, नुसते एकमेकांकडे बघत. मी चहा टाकायला आत गेले. चहा घेऊन बाहेर आले तोवर ठरलेलं होतं."

दादाचंही ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं असं की तेव्हा माझ्या दुकानाचं बोलणं अर्ध्यावर होतं, कॅनडात कायमचं राहायचे कागद अजून हातात आले नव्हते. "तू धावत आला असतास आणि इथेच अडकला असतास. तिकडचं सगळं गेलं असतं. मग जन्मभर कोणाला ऐकवलं असतंस? मलाच ना?" हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्या महिन्यांत मी हललो असतो तर दुकान नक्की दुसऱ्याच्या हातात गेलं असतं. पण तोटा कोणता सोसायचा हे ज्याचा तोटा त्याने ठरवायचं असतं. ते त्यांनी ठरवलं. माझ्याशी ठरवाठरवी केली असती तर मी भांडलो असतो, ओरडलो असतो, आणि काहीतरी निघालं असतं. ज्या माणसाची सगळी उमर घासाघीस करण्यात गेली, त्याला त्यांनी एका शब्दाने तरी विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत पेपर पसरले आणि वाद्य खोललं. वहिनीने कुठून तरी पतंगाचा कागद शोधून दिला. माती काढली, दांड्या सोडल्या. आतलं जुनं खोबरेल मेणासारखं पिवळं झालं होतं. ते स्पिरिटने पुसलं. गाद्यांखाली कागद घालून ओढला की कागदावर हळद उमटत होती. पहिल्या दसऱ्याची, ज्याला मी हसलो होतो, त्याची हळद. अण्णा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. मी एवढी वर्षं हेच काम करून पोट भरतोय याचा त्यांच्यावर काही परिणाम नव्हता. "दांडी तिरकी नको धरू." "स्क्रू रडतोय, आयक." मी म्हटलं, अण्णा, मी दुकान चालवतो. ते म्हणाले, "म्हनून सांगतो. दुकानदाराचा हात झाला तुझा."

काम संपलं तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळ्या कळा मोकळ्या झाल्या, करंगळीचीसुद्धा. पत्त्या सगळ्या तडकलेल्या, एक अण्णांच्या चुन्याच्या जुन्या डबीत सापडली. पाण्यात भिजवली, बसवली. मी बारीक फुंकून बघायला लागलो, कळ हवा धरते की नाही ते पाहायला. अण्णा उठले, माझ्या मागे येऊन उभे राहिले, माझ्या दोन्ही बाजूंनी हात पुढे आणले आणि माझी बोटं बाजूला सारून त्यांची बोटं कळांवर ठेवली.

"फुंक," म्हणाले.

मी फुंकलं. ते वाजवू लागले. मी वाजवणारा माणूस नाही, माझा दम मधेच तुटत होता, सूर फाटत होता. पण बोटं कुठेही चुकली नाहीत. लछूसेठ सगळ्यांना गप्प करायचा ते, मुलगी निघतानाचं. माझ्या कानाशी त्यांचा अर्धा श्वास आणि मानेवर थोडी लाळ. दादा आतून येऊन गॅलरीच्या दारात उभा राहिला आणि बराच वेळ तिथेच राहिला. माझा दम संपला तेव्हा अण्णा म्हणाले, "फुंक कच्ची हाय तुझी."

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो आजवर उतरलेला नाही. बोटं शाबूत होती. फुंक माझ्याकडे होती. दोन दसरे आम्हाला हे करता आलं असतं. मला न बोलावून त्यांनी वाद्य कपाटावर टाकलं, ते एक वेळ सोडा. हे जे दोघांनी मिळून वाजवायचं होतं ते त्यांनी कपाटावर टाकलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

निघायच्या दिवशी अण्णांनी वाद्य दोन्ही हातांत धरलं आणि माझ्यापुढे केलं. "घे. ठरलं व्हतं."

मी घेतलं नाही. म्हटलं, "ठरलेलं तुम्ही मोडलंत. मोडलेल्या बोलीवर मी माल उचलत नाही." मग स्क्रू ड्रायव्हर काढला, डाव्या करंगळीची कळ सोडवली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. एक कळ नसली की ओबो वाजत नाही. भोक उघडं पडतं, सगळा सूर तिथून सांडतो.

दादा म्हणाला, "पागल आहेस का? म्हाताऱ्या माणसाशी सौदे करतोस?"

मी म्हटलं, "त्यांनीच शिकवलं."

अण्णा डाव्या बाजूने हसले. "सौद्यात लछूसेठच्या वर निघाला," म्हणाले. जिना उतरेपर्यंत मला ते ऐकू येत होतं, वहिनीला परत परत सांगत होते.

ती कळ आता विनिपेगच्या दुकानात माझ्या टेबलावर आहे, खिडकीपाशी. कोणी विचारलं तर सांगतो, एका गिऱ्हाइकाची आहे, बोलणी चालू आहेत. बाकीचं वाद्य कात्रपला आहे. वहिनी सांगते, ते आता कपाटावर नसतं, अण्णांच्या उशाशी असतं आणि अण्णा रोज कळा दाबत बसतात. आवाज नाही, नुसती बोटं. त्या एका जागी करंगळी रिकामी पडते. तिथे ते थांबतात आणि शिवी घालतात. शिवी मला असते, असं वहिनी म्हणते.

तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना ठाऊक आहे मी काय म्हणतो ते. आपल्याला वाटतं आपण दूर आलो, म्हणून घर दूर झालं. तसं नसतं. विमान कुठूनही मिळतं. घर म्हणजे जिथून आपल्याला बोलावणं यायला हवं ती जागा. ते यायचं थांबलं की मग तुम्ही कात्रपमध्ये शेजारच्या बिल्डिंगीत राहात असलात तरी बाहेरचेच. आणि जे मागे राहिले, त्यांना हात जोडून नाही, चढ्या आवाजातच सांगतो: आमची काळजी म्हणून आमच्या वाटणीचं वाईट परस्पर खपवून टाकू नका. त्यातलं माझं मला द्या. मी थकलोय, पण तेवढं उचलायचं बळ माझ्यात आहे.

दसरा जवळ आलाय. मी तिकिटं बघून ठेवली आहेत. दादा फोनवर म्हणतो, "सोड ना आता दिन्या." मी सोडणार नाही. विलासदादा, अण्णा, तुम्ही दोघंही हे वाचाल, वहिनी वाचून दाखवेल. कळ माझ्याकडे आहे आणि ती मी स्वतः आणून बसवीन, फुंकही मीच भरीन, कच्ची तर कच्ची. त्याआधी मला एक नाव हवं. तोंडात तंबाखू आहे म्हणायचं नाही. वहिनी चहा टाकायला आत गेली आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलात, तेव्हा "दिनूला नको सांगायला" हे पहिलं कोण म्हणालं?